पिनांगच्या स्वस्त खोलीला खिडकी का नसते?

प्रश्न : थोडक्या पैशांत परदेश पाहून यावा म्हणून आम्ही नवरा-बायको मलेशियातल्या पिनांग बेटावर, जॉर्जटाऊन शहरात चार रात्री राहून आलो. जुन्या भागात, चुलिया स्ट्रीटला लागून एका गेस्टहाउसमध्ये स्वस्तात खोली मिळाली. घर रस्त्यावरून जेमतेम पंधरा-सोळा फूट रुंद दिसत होतं, पण आत शिरल्यावर संपता संपेना. मध्येच एका ठिकाणी वर छप्परच नाही आणि पाऊस सरळ घरात पडतो. आमच्या खोलीला मात्र एकही खिडकी नव्हती. आजूबाजूच्या घरांतही तोच प्रकार. इतक्या उकाड्याच्या गावात लोकांनी अशी बिनखिडक्यांची घरं का बांधली? आणि सगळ्यांचीच हॉटेलं कशी काय झाली?
— एक वाचक दांपत्य, नाशिक

उत्तर : घर बांधणारा खिडकी विसरला नव्हता. तुमची खोली त्याने बांधलेलीच नाही, ती बऱ्याच नंतर कुणीतरी पार्टिशन घालून तयार केली. मूळ घर उकाड्याचा नीट विचार करून बांधलेलं आहे.

फ्रान्सिस लाइट या व्यापाऱ्याने ११ ऑगस्ट १७८६ रोजी ईस्ट इंडिया कंपनीच्या वतीने पिनांग बेट ताब्यात घेतलं. केदाहच्या सुलतानाकडून ते मिळवलं आणि तिसऱ्या जॉर्ज राजाचं नाव गावाला दिलं. बंदर करमुक्त ठेवलं, जंगल साफ करील त्याला जमीन देऊ केली, आणि थोड्याच वर्षांत इथे सगळ्या दिशांनी माणसं येऊन पोचली. कोरोमंडल किनाऱ्यावरचे तमिळ मुसलमान व्यापारी, ज्यांना चुलिया म्हणत, दक्षिण चीनमधल्या फुज्यान आणि ग्वांगडोंगचे लोक, सुमात्रातल्या आचेहचे, आर्मेनियन, ब्रह्मी, सयामी. तुमच्या रस्त्याचं नाव त्या चुलियांचं आहे. १८६७ पर्यंत पिनांगचा कारभार हिंदुस्थानातल्या ब्रिटिश सत्तेखाली होता, आणि बंगाल, मद्रास, मुंबई या तिन्ही इलाख्यांतून काळ्या पाण्याच्या शिक्षेवर पाठवलेले कैदी मलाक्काच्या सामुद्रधुनीतल्या या वसाहतींत रस्ते आणि इमारती बांधण्याच्या कामाला लावले जात. जॉर्जटाऊनचं १८१८ सालचं सेंट जॉर्ज चर्च तुम्ही पाहिलं असेल, ते हिंदुस्थानी कैद्यांच्या श्रमांतून उभं राहिलेलं आहे. त्याच्या पांढऱ्या खांबांसमोर फोटो काढणाऱ्या आपल्या लोकांना ही गोष्ट कळायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

अशा व्यापारी गावात प्रत्येकाला रस्त्याकडे तोंड असलेलं दुकान हवं होतं. रस्त्याची लांबी ठरलेली, मागणारे भरमसाट. म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला अरुंद दर्शनी बाजू आली आणि घर मागे मागे लांबत गेलं. तिथले गाइड सांगतात की कर दर्शनी रुंदीवर बसायचा, म्हणून घरं अरुंद. मला लाकडाचं कारण जास्त पटतं. या घरांच्या दोन बाजूंच्या विटांच्या भिंती शेजाऱ्याशी सामाईक असतात आणि मजल्याच्या तुळया एका भिंतीवरून थेट दुसऱ्या भिंतीवर टेकवलेल्या असतात. मध्ये आधाराला खांब नाही. मग एका अखंड तुळईच्या लांबीपेक्षा घर रुंद होणार कसं? पंधरा ते वीस फूट ही रुंदी तिथून येते. लांबी मात्र शंभर फूट आणि त्याहूनही जास्त असू शकते.

खाली दुकान, वर बिऱ्हाड, मागे स्वयंपाकघर आणि त्याच्याही मागे गल्ली, अशी ही दुकानघरं. डावीकडे शेजारी, उजवीकडे शेजारी, त्यामुळे बाजूच्या भिंतींना खिडकी काढायची सोयच नाही. उजेड आणि वारा यायला तीनच वाटा उरतात, पुढून, मागून आणि वरून. तुम्ही पाहिलेली बिनछपराची जागा ही ती वरची वाट. नाशिकच्या जुन्या वाड्यातला चौक आठवा, काम तेच, फक्त आकार हात आखडून केलेला. घर जास्त लांब असेल तर असे दोन-दोन चौक असतात.

त्या चौकाची करामत समजून घेण्यासारखी आहे. घरातली गरम हवा चौकातून वर निघून जाते आणि तिची जागा घ्यायला रस्त्याकडच्या सावलीतली गार हवा आत ओढली जाते. म्हणून पुढच्या खिडक्यांना काचांऐवजी लाकडी झडपा असतात आणि दारांच्या वर, भिंतींच्या माथ्याला हवेसाठी नक्षीदार झरोके ठेवलेले असतात. पाऊस पडतो तो चौकाच्या खोलगट फरसबंदीवर आणि तिथून गटाराने बाहेर जातो, घर भिजत नाही. भिंतींना चुन्याचा गिलावा, वर मातीची कौलं. चुना ओल शोषतो आणि बाहेर टाकतो. दुरुस्तीच्या नावाखाली अशा भिंतींवर सिमेंट थापलं की ओल आतल्या आत कोंडते आणि काही वर्षांत विटा भुसभुशीत होतात. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांचीही हीच दैना झालेली आहे.

आता तुमची खोली. बंदर वाढलं, मलायात कथील आणि पुढे रबराचा धंदा फोफावला, आणि एकट्या पुरुष मजुरांचे तांडे इथे येऊ लागले. वरच्या मजल्यावर फळ्यांची पार्टिशनं घालून खोपटी भाड्याने देणं सुरू झालं. एका कुटुंबाच्या घरात कितीतरी माणसं राहू लागली. पण त्या फळ्या छतापर्यंत नेत नसत, वर हवा खेळायला फट असे. आजच्या गेस्टहाउसवाल्याला प्रत्येक खोलीत एसी बसवायचा असतो, म्हणून त्याला भिंत छतापर्यंत न्यावी लागते. पुष्कळ ठिकाणी चौकावरही पारदर्शक पत्रे घालून टाकले आहेत. पुढच्या आणि मागच्या खोल्यांना खिडक्या मिळतात, त्या महाग. मधल्या खोल्यांना मिळत नाहीत, त्या स्वस्त. तुम्हाला मधली मिळाली.

दुकानांपुढून जो छताखालचा सलग रस्ता जातो त्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगतो. सिंगापूरची ब्रिटिश वसाहत उभारणाऱ्या रॅफल्सने १८२२ च्या तिथल्या आराखड्यात प्रत्येक घरापुढे चालणाऱ्यांसाठी आच्छादित वाट सोडावी असा नियम घातला. ती पद्धत पुढे सामुद्रधुनीच्या सगळ्या शहरांत रुजली. मलय भाषेत तिला काकी लिमा म्हणतात. जमीन मालकाची, पण चालण्याचा हक्क सगळ्यांचा! ऊन असो की पाऊस, छत्री न उघडता माणूस गावभर फिरावा ही त्यामागची कल्पना, आणि शहर बांधणीत इतका माणुसकीचा नियम मला दुसरा आठवत नाही. आज काही दुकानदार तिथे स्कूटर लावतात, कुणी टेबलं मांडतं, आणि चालणाऱ्याला उन्हात उतरावं लागतं. तरीही किल्ल्या बनवणारा, चांभार, हार-फुलांवाली यांना बसायला जागा मिळते ती तिथेच.

हॉटेलं कशी झाली, हा तुमचा दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे, आणि मुंबईच्या माणसाला तो लवकर समजेल. मुंबईत १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुनी भाडी गोठवली, ती १९४० च्या सप्टेंबरात होती त्या पातळीवर. भाडेकरू टिकले, पण मालकाला दुरुस्तीत रस उरला नाही आणि चाळी खचत गेल्या. मलेशियातही तसाच कायदा होता. १९४८ च्या जानेवारीअखेरपूर्वी बांधलेल्या घरांना तो लागू होता, आणि जॉर्जटाऊनचा जुना भाग जवळजवळ सगळा त्यात आला. भाडं नाममात्र, म्हणून घड्याळ दुरुस्त करणारे, वेताच्या टोपल्या विणणारे, पाट्या कोरणारे, उदबत्त्या वळणारे पिढ्यान्‌पिढ्या एकाच घरात राहिले. घरं पाडून टॉवर बांधण्यात कुणाला फायदा नव्हता. जॉर्जटाऊन अख्खं शिल्लक राहिलं यात या कायद्याचा वाटा मोठा आहे.

पुढे दोन्हीकडची वाट वेगळी झाली. महाराष्ट्राने १९९९ चा नवा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू केला, पण जुन्या भाडेकरूंचं संरक्षण बव्हंशी तसंच ठेवलं. मलेशियाने १९९७ साली कायदा रद्द करायचं ठरवलं, थोडी मुदत दिली आणि १ जानेवारी २००० पासून भाडी मोकळी केली. पिनांगमध्ये हजारो घरांना याचा फटका बसला. भाडी एकदम अनेक पटींनी वाढली, म्हातारे भाडेकरू उपनगरांतल्या फ्लॅटांत गेले, कारागिरांनी धंदा गुंडाळला. काही वर्षं कितीतरी घरं नुसती ओस होती. काहींत मालकांनी पाकोळ्यांसारखे लहान पक्षी बोलावले, कारण त्यांची लाळेची घरटी चिनी बाजारात सोन्याच्या भावाने खपतात. वरच्या मजल्याच्या खिडक्या विटांनी बुजवायच्या, आत अंधार आणि ओल ठेवायची आणि पक्ष्यांच्या आवाजाच्या ध्वनिफिती लावायच्या. पुढे हे पक्षिपालन वारसा क्षेत्रातून हटवण्यात आलं.

७ जुलै २००८ रोजी युनेस्कोने मलाक्का आणि जॉर्जटाऊन यांना मिळून जागतिक वारसास्थळ ठरवलं. जॉर्जटाऊनचा गाभा १०९ हेक्टरांचा आहे, तुम्ही राहिलात तो भाग त्यातलाच. आता घर पाडता येत नाही, उंची वाढवता येत नाही, दुरुस्तीही नियमांनी करावी लागते. पण घराचं काय करायचं यावर तितकी बंधनं नाहीत. रिकामी घरं होती, जगभरचे पाहुणे येऊ लागले, आणि लव्ह लेन, मुंत्री स्ट्रीट, चुलिया स्ट्रीट या पट्ट्यात घरामागून घराचं गेस्टहाउस झालं.

तुम्हाला ती खोली परवडली त्यामागे हा इतिहास आहे. गेस्टहाउसांनी ही घरं पडण्यापासून वाचवली हे खरं. पण वस्ती नसलेलं जुनं शहर टिकवण्यात अर्थ नाही असं माझं ठाम मत आहे. ज्या गल्लीत संध्याकाळी फक्त पाहुणे दिसतात, एकही शाळकरी पोर दिसत नाही, ती गल्ली वारशाच्या यादीत असली तरी अर्धी गेलेली आहे. थिंक सिटी या संस्थेने २००९ पासून पुढे जुन्या घरांच्या दुरुस्तीला अनुदानं दिली आहेत. अशा प्रयत्नांना यश यावं.

पुन्हा गेलात तर आर्मेनियन स्ट्रीटवरचं १२० नंबरचं घर पाहा. सन यत्‌-सेन यांनी १९१० मध्ये चीनमधल्या क्रांतीची आखणी ज्या घरातून केली ते हेच. आता तिथे संग्रहालय आहे आणि पार्टिशनं नसलेलं दुकानघर आतून कसं असतं ते दारापासून मागच्या स्वयंपाकघरापर्यंत दिसतं. उघड्या चौकाशेजारी दुपारी थोडा वेळ उभे राहा. वारा कुठून येतो ते अंगाला कळेल.

प्रश्न : खोलीचे सगळे पैसे आधीच भरले होते, तरी पिनांगला काउंटरवर वेगळे पैसे मागितले. ही फसवणूक का? आणि जोडप्यांकडे लग्नाचा दाखला मागतात असं कुणी म्हणालं, ते खरं का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : फसवणूक नाही. मलेशियात १ सप्टेंबर २०१७ पासून परदेशी पाहुण्यांना पर्यटन कर आहे, खोलीमागे रात्रीला १० रिंगिट. रिंगिटचा भाव वीस-बावीस रुपयांच्या घरात धरा. कर माणशी नाही, खोलीमागे आहे, म्हणून दोघांनी एकच खोली घेतली तर तो एकदाच. शिवाय पिनांग राज्याचा एक छोटा आकार वेगळा असतो. बुकिंगच्या किमतीत हे बहुतेकदा धरलेलं नसतं. स्वस्त खोलीत त्याने बऱ्यापैकी फरक पडतो, तेव्हा हिशेबात आधीच धरा आणि पावती मागून घ्या.

दाखल्याचं म्हणाल तर हॉटेलात पासपोर्ट पाहतात, तेवढं पुरतं. मलेशियातला अविवाहित जोडप्यांविषयीचा शरियत कायदा फक्त मुसलमानांना लागू आहे. मुस्लिम दांपत्यांनी निकाहनाम्याची प्रत जवळ ठेवलेली बरी. भारतीय पासपोर्टवर १ डिसेंबर २०२३ पासून तीस दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. ही सवलत २०२६ अखेरपर्यंत जाहीर झालेली आहे, तरी तिकीट काढण्याआधी ताजी स्थिती पाहा. पोचण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमनपत्र भरावं लागतं. ते फुकट आहे. त्यासाठी पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांच्या नादी लागू नका.

प्रश्न : आम्ही दोघंही शाकाहारी. पिनांगला खाण्यासाठीच जातात म्हणे. आमच्यासारख्यांनी तीन-चार दिवस तिथे काढावेत का? खर्च आवरता येईल का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : जरूर काढावेत. लिटल इंडिया, म्हणजे मार्केट स्ट्रीट, क्वीन स्ट्रीट आणि पिनांग स्ट्रीटचा चौकोन, जुन्या गावाच्या ऐन मध्यात आहे. तिथे केळीच्या पानावरचं तमिळ जेवण मिळतं, इडली-डोसे मिळतात आणि थाळी साधारण दहा-बारा रिंगिटांत पोटभर होते. क्वीन स्ट्रीटवरचं महामारिअम्मनचं देऊळ १८३३ सालचं आहे. चिनी बौद्धांची शाकाहारी खानावळही तुम्हाला बरीच साथ देईल. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी पुष्कळ चिनी लोक मांसाहार टाळतात, त्या दिवशी तिथे गर्दी उसळते.

सावध राहा ते हॉकर सेंटरमध्ये. नुसती भाजी दिसणाऱ्या ताटलीत बेलाचान, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा गोळा, असू शकतो. कांगकुंग या पालेभाजीत तर तो हमखास असतो. चार क्वे त्याव या प्रसिद्ध नूडल्समध्ये कोळंबी, शिंपल्या आणि बऱ्याचदा डुकराची चरबी असते. नासी कांदारच्या दुकानात भात शाकाहारी असला तरी त्याच्यावर ओततात त्या रश्श्यांत मांस असतं. तेव्हा मांस नको एवढंच सांगून थांबू नका, मासे, कोळंबी, अंडं चालणार नाही हे वेगळं सांगा. चेंडोल मात्र निर्धास्त खा : बर्फ, नारळाचं दूध, ताडगूळ, राजमा आणि तांदळाच्या पिठाच्या हिरव्या शेवया. हॉकर सेंटरमध्ये टेबलावर बसलात की प्यायला काहीतरी मागवायची रीत आहे, ती पाळा. टेबल मांडणाऱ्याची कमाई त्यावर असते.

राहायचं ते जुन्या गावातच. उपनगरातलं स्वस्त हॉटेल टॅक्सीच्या भाड्यात महाग पडतं. गाभ्याचा भाग पायी फिरता येतो, आणि वारसा क्षेत्रातून फिरणारी कॅट ही बस फुकट आहे. पिनांग हिलला २०४ नंबरची बस जाते. वाटेत एअर इतामला उतरून केक लोक सी हे १८९० पासून बांधत गेलेलं भव्य बौद्ध मंदिर पाहता येतं. टेकडीवरच्या रेल्वेचं तिकीट परदेशी पाहुण्यांना स्थानिकांपेक्षा बरंच जास्त आहे, आभाळ ढगाळ असेल तर तो खर्च टाळा. क्वालालंपूरहून येत असाल तर रेल्वेने बटरवर्थला या आणि तिथून फेरीबोट घ्या. भाडं नाममात्र आणि शहर समुद्रातून समोर येतं. चेन्नईहून थेट विमानही आहे, २०२४ च्या डिसेंबरात ते सुरू झालं. सप्टेंबर-ऑक्टोबरात पाऊस जोराचा, डिसेंबर ते फेब्रुवारी हवा कोरडी. चिनी नववर्षाच्या आठवड्यात खोल्यांचे भाव चढतात.

खोली ठरवताना खिडकी आहे का आणि ती चौकात उघडते की रस्त्यावर, एवढं आधी विचारून घ्या. चौकाकडची घ्या, रात्री झोप लागेल. मालक स्वतः त्याच घरात राहतो असं गेस्टहाउस मिळालं तर दहा-वीस रिंगिट जास्त पडले तरी तेच निवडा. टोपली, उदबत्ती, पाटी काहीही घ्यायचं असेल तर काकी लिमावर बसून ती बनवणाऱ्याकडून घ्या आणि घासाघीस करू नका.